मदत हवी आहे : नाटकाची उजळणी जमते, कादंबरीची का जमत नाही?

नमस्कार. नोकरी सांभाळून मी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून मराठीत एम.ए. करत आहे. परीक्षेला वीस दिवस उरले आहेत. नेमलेल्या पुस्तकांपैकी महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) आणि भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) यांची उजळणी सध्या चालू आहे.

नाटकाचे काम बऱ्यापैकी मार्गी लागले. प्रत्येक प्रवेशासाठी एक पाठकोरा कागद घेऊन त्यावर तीन रकाने आखले : रंगमंचावर कोण आहे, कोण कोणापासून काय लपवत आहे आणि कोणती वस्तू नजरेसमोर आहे. गंजत पडलेला ट्रॅक्टर, घरातले दागिने, 'किती वाजले' असे पुन्हापुन्हा विचारणारी दादी आणि तात्याजींच्या तेराव्याच्या खर्चावरून भावाभावांत होणारी कुरबूर हे सारे एकाखाली एक आले, की देशपांड्यांच्या घराची पडझड कथानक न सांगताही मांडता येते.

हेच तीन रकाने 'कोसला'साठी आखले आणि ते जवळजवळ कोरेच राहिले. पांडुरंग सांगवीकर गावाहून पुण्याला शिकायला जातो आणि शेवटी गावी परततो, एवढे क्रमाने लिहून हाती काही लागत नाही. सरावासाठी लिहिलेले उत्तर एका प्राध्यापकांना दाखवले, तेव्हा त्यांनी समासात लाल शाईने लिहिले, 'गोष्ट कळली, कादंबरी कुठे आहे?' शेरा झोंबला, पण तो खोटा नव्हता.

त्यानंतर मी 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघा ओढत पुस्तक पुन्हा वाचू लागलो. सुरुवातीला हा केवळ निवेदकाचा टवाळपणा वाटला, परंतु धाकट्या बहिणीच्या, म्हणजे मनीच्या, मृत्यूपाशी आल्यावर तोच माणूस वेगळ्या आवाजात बोलू लागतो आणि आधीची सगळी टिंगल कशावर पांघरूण घालत होती, अशी शंका येते. उत्तर इथूनच सुरू व्हावे असे वाटते, मात्र दीर्घोत्तरी प्रश्नाच्या चार-पाच पानांपर्यंत ते ताणता येत नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो : प्रथमपुरुषी निवेदनाच्या कादंबरीची टिपणे घटनांऐवजी निवेदनाच्या सुराप्रमाणे काढावीत का, आणि तशी काढल्यास किती उतारे पक्के करून ठेवणे पुरेसे होते? पहिल्याच परिच्छेदात 'अस्तित्ववाद' (अर्थहीन वाटणाऱ्या जगात माणसाला आपल्या जगण्याचा अर्थ स्वतःच शोधावा लागतो, हा विचार) हा शब्द आलाच पाहिजे, असा सल्ला मिळाला आहे. उताऱ्याचा आधार नसेल तर तो शब्द मला पोकळ वाटतो, परंतु परीक्षक त्याची वाट पाहत असतात का, हे उत्तरपत्रिका तपासलेल्या कोणी सांगितल्यास बरे होईल. रोज रात्री दीड तासच मिळतो, त्यामुळे संपूर्ण कादंबरी आणखी एकदा वाचणे शक्य दिसत नाही.

गाईड मात्र कृपया सुचवू नये. घरात दोन आहेत, आणि दोन्हींत सांगवीकराचे स्वभावचित्र शब्दशः एकच आहे.