वाळवंटी गुलाबाची इमारत: खड्याचा आकार घेतला की वास्तू त्या मातीची होते का?

ओसरी:
दोह्यातील कतारचे राष्ट्रीय संग्रहालय २०१९ मध्ये खुले झाले. वास्तुविशारद ज्याँ नुव्हेल यांनी त्याचे रूप 'वाळवंटी गुलाबा'वरून घेतले आहे. तेथील सबख्यांमध्ये, म्हणजे खाऱ्या सपाट जमिनीत, वाळूखालच्या खारट पाण्याची वाफ होत गेली की जिप्समचे पातळ स्फटिक एकमेकांत घुसत वाढतात आणि पाकळ्यांचा खडा तयार होतो. असा खडा सहसा तळहातावर मावतो. संग्रहालयाच्या ५३९ तबकड्यांपैकी सर्वांत मोठीचा व्यास मात्र ८७ मीटर आहे. आत पोलादी सांगाडा, वर काचतंतूमिश्रित काँक्रीटचे सुमारे ७६,००० तुकडे. जिप्समचा पत्ता नाही. म्हणून या वास्तूचे भूगर्भाशी नाते आहे, हे मला पटत नाही. याच तबकड्यांच्या कवेत शेख अब्दुल्ला बिन जासिम यांचा जुना वाडा उभा आहे. आखातातील तशा जुन्या घरांना जिप्सम भाजून केलेला गिलावा देत असत. खरे नाते तिथे आहे, आणि नेमका तो वाडा नव्या पसाऱ्यापुढे खेळण्यासारखा दिसतो.

कातळकडा:
आपला आक्षेप कागदावर बिनतोड आहे; मी दोह्यात सहा वर्षे राहतो, म्हणून असहमत आहे. ऑगस्टमध्ये दुपारी चार वाजता मधल्या चौकात उभे राहून पाहावे. एका तबकडीची कड दुसरीवर सावली टाकते, ती सावली भिंतीवरून सरकत जाते आणि माणसे न ठरवता तिच्याबरोबर सरकतात. आकार तिथे काम करतो, तो नुसता मिरवत नाही. शिवाय देश जवळजवळ सपाट. सर्वांत उंच जागाही शंभर मीटरच्या आसपास. डोंगर नाही, कडा नाही, मग वास्तुविशारदाने भूरूप म्हणून घ्यायचे तरी काय? राहिला जिप्समचा मुद्दा. नखानेही ज्यावर ओरखडा उठतो, त्या खनिजाची ८७ मीटरची तबकडी कशी उभी करणार?

दीपमाळ:
सावली मान्य, पण बाहेर. आत भिंती कलत्या असल्याने सरळ काही टांगण्याची सोय नाही, म्हणून त्यांवर मोठाले चित्रपट दाखवावे लागतात. ते देखणे आहेत, तरी आधी आकार ठरला आणि मग वस्तूंची जागा शोधली, असे वाटत राहते. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे २०११ चे निसर्गविज्ञान संग्रहालय पाहा. तेथील दर्शनी भागावर खडकांच्या थरांसारखे तांब्याचे आडवे पट्टे आहेत आणि ते तांबे जवळच्याच बिंगहॅम खाणीतले. आकारही तिथला, धातूही तिथला.

कातळकडा:
तिथे तांबे निघते म्हणून ते जमले. जिथे वाळू आणि चुनखडकच आहे, तिथे ही कसोटी लावणे अन्यायाचे आहे.

ओसरी:
चुनखडक आहे ना? मग त्याचाच एखादा दालनभर वापर का झाला नाही, एवढेच मी विचारतो. प्लास्टर ऑफ पॅरिसची गणेशमूर्तीही भाजलेल्या जिप्समचीच असते. तरी शाडूशेजारी ठेवली की आपल्याकडे पोरगेसुद्धा विचारते, ही माती कुठली. सावलीबाबत मात्र आपले म्हणणे मी मागे घ्यायला लावणार नाही. ती मी पाहिलेली नाही.