‘रोमिओ अँड ज्युलिएट’ : नाट्यगृहाची माहिती संहितेशी कशी जोडावी?

अभ्यासिका

नमस्कार. मी पुण्यात इंग्रजी विषयात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकत असून ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ आणि तत्कालीन नाट्यगृह या विषयावर मला महिनाअखेर सत्रनिबंध द्यायचा आहे. पहिल्या खर्ड्यात ग्लोब थिएटरची रचना, तिकिटांचे दर, स्त्रीभूमिका करणारी मुले आणि प्लेगमुळे बंद राहणारी नाट्यगृहे यांवर मी चार पाने लिहिली आणि त्यानंतर प्रेम, वैर व नियती यांवर दहा. मॅडमनी खर्डा परत करताना एवढेच म्हटले, की पहिली चार पाने फाडून टाकली तरी उरलेल्या निबंधाला काहीच इजा होत नाही. ते मला पटले, पण पुढे काय करावे हे सुचत नाही. नाट्यगृह कसे होते हे कळल्यामुळे या नाटकातली एखादी ओळ खरोखर वेगळी वाचता येते का? शिवाय स्त्रीभूमिकांच्या संदर्भात मी बालगंधर्वांशी तुलना केली आहे, ती योग्य आहे का? माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाल्यामुळे मूळ भाषा मी अजून अडखळत वाचते, तेव्हा अंक-प्रवेश सांगितल्यास सोयीचे होईल.

जुना_शिक्षक

आधी एक दुरुस्ती. ग्लोब उभे राहिले १५९९ मध्ये, आणि या नाटकाची पहिली छापील प्रत १५९७ ची आहे. तिच्या मुखपृष्ठावरच नाटकाचे जाहीर प्रयोग अनेकदा झाल्याचे म्हटले आहे. म्हणजे हे नाटक ग्लोबच्या आधीचे. शेक्सपिअरची मंडळी तेव्हा लंडनच्या उत्तरेला शोरडिच भागात खेळ करीत असत. प्रथम जेम्स बर्बेजने १५७६ मध्ये बांधलेल्या ‘द थिएटर’मध्ये आणि तिथल्या जागेचा भाडेपट्टा संपल्यावर जवळच्याच ‘कर्टन’मध्ये. ‘द थिएटर’ पुढे उतरवून त्याचेच लाकूड थेम्सपलीकडे ग्लोबसाठी नेण्यात आले, तेव्हा लाकूड तेच म्हणून आपल्या खर्ड्याला थोडी सवलत द्यायला हरकत नाही.

रचना डोळ्यांसमोर आणायला आपल्याला लांब जावे लागत नाही. पेठेतला एखादा जुना वाडा आठवा. मधला चौक आभाळाला उघडा, चहूबाजूंनी मजल्यावर मजले सज्जे, आणि त्या चौकात एका बाजूने छातीइतके उंच जोते पुढे आलेले. एक पेनी देणारे पिटातले प्रेक्षक जोत्याच्या तिन्ही बाजूंना उन्हापावसात उभे राहत. जास्त पैसे मोजणारे सज्ज्यात बसत. दर्शनी पडदा नव्हता आणि खेळ दुपारी होत असे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते या दुपारीच आहे. नाटकाचे जीव की प्राण असलेले प्रवेश रात्रीचे आहेत, आणि प्रेक्षक मात्र लख्ख उजेडात शेजाऱ्याचा चेहराही पाहत उभा आहे. त्यामुळे अंधार नटाच्या तोंडून आणि हातातल्या वस्तूंतून यावा लागतो. पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात रोमिओ मशाल मागतो, ती काही वाट दिसावी म्हणून नव्हे. मशाल रंगमंचावर आली म्हणजे रात्र झाली, असा तो संकेत आहे. पाचव्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ज्युलिएटशी लग्न ठरलेला पॅरिस आपल्या पोऱ्याकडून मशाल घेतो आणि कुणी आपल्याला पाहू नये म्हणून लगेच विझवायला सांगतो. भर दुपारी मशाल विझल्याने कुणाला काय कमी दिसणार होते? तरीही त्या क्षणापासून थडग्यापाशी काळोख आहे हे सगळे मान्य करतात. दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात ज्युलिएट म्हणते, की माझ्या चेहऱ्यावर रात्रीचा मुखवटा आहे, नाहीतर मी लाजेने लाल झालेली तुला दिसले असते. नटाचा चेहरा तर सर्वांना स्वच्छ दिसतो आहे! जी लाली रोमिओला दिसत नाही आणि नटाच्या गालांवर बहुधा नाहीही, ती केवळ या वाक्यामुळे प्रेक्षकाला दिसते. ही ओळ पुन्हा वाचा आणि निबंध येथून सुरू करा.

विंगेतून

वरील मुद्द्याला माझा अनुभव जोडतो. मी हौशी संघांसाठी प्रकाशयोजना करतो. काही वर्षांपूर्वी याच नाटकातले काही प्रवेश आम्ही पुण्यात बसवले, तेव्हा बागेच्या प्रवेशाला मी निळा प्रकाश आणि पानांच्या सावल्या टाकून मोठ्या हौसेने चांदणी रात्र उभी केली होती. गंमत अशी, की चंद्राबद्दलची वाक्ये त्यामुळे फुकट जाऊ लागली आणि दिग्दर्शकाने ती कापायला घेतली. पुढे एके दिवशी हॉल न मिळाल्याने तालीम दुपारी मैदानात झाली, आणि तीच वाक्ये एकाएकी गरजेची वाटू लागली. माझे दिवे संहितेचेच काम हिरावून घेत होते, हे मला तेव्हा कळले.

दुसरे असे, की या नाटकाच्या १५९९ च्या दुसऱ्या छापील प्रतीत पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशाच्या शेवटी एक रंगसूचना आहे : मुखवटे घातलेली मंडळी रंगमंचावरून फेरी मारतात आणि नोकर हातात रुमाल घेऊन बाहेर येतात. मंडळी आत जातच नाहीत. एका फेरीत रस्त्याचा ज्युलिएटच्या वडिलांचा, म्हणजे कॅप्युलेटचा, दिवाणखाना होतो. तमाशा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या पुस्तकात मात्र तिथे नवा प्रवेश सुरू झाल्याचे छापलेले असेल; ती फोड नंतरच्या संपादकांची आहे.

कर्वेनगरकर

वाड्याची उपमा वाचून प्रथम मी आक्षेप घेणार होतो, कारण चित्रांतून आपल्याला गोलाकार नाट्यगृहच माहीत असते. परंतु शोरडिचमधील २०१६ च्या उत्खननात कर्टन आयताकृती असल्याचे आढळले, आणि १६०० मधील फॉर्च्यून नाट्यगृहाच्या बांधकाम-करारात तर चौरस इमारत व ४३ फूट रुंदीचा रंगमंच नमूद आहे. तेव्हा आक्षेप मागे घेतो.

बालगंधर्वांशी केलेली तुलना मात्र मला सैल वाटते. ते चाळिशी उलटल्यावरही नायिका रंगवीत होते आणि प्रेक्षक खास त्यांच्यासाठी, त्यांच्या गाण्यासाठी येत. लंडनमधला मुलगा मोठ्या नटाच्या हाताखाली शिकणारा उमेदवार असे आणि मोठा झाला की त्याला स्त्रीभूमिका सोडाव्या लागत. आर्थर ब्रुकच्या १५६२ च्या ज्या काव्यावरून शेक्सपिअरने कथा घेतली, त्यात ज्युलिएट सोळाच्या घरात आहे; नाटकात तिला अजून चौदावेही पुरे झालेले नाही. तुलना ठेवायची असेल तर फरकासाठी ठेवा. पहिल्या भेटीतला संवाद (पहिला अंक, पाचवा प्रवेश) चौदा ओळींचे एक सुनीत आहे आणि ते दोघे मिळून पुरे करतात. दोन नटांमधली जवळीक तिथे यमकांतून बांधलेली आहे, हे दाखवता येईल.

अभ्यासिका

आपणा सर्वांचे मनापासून आभार. चार पाने काढून टाकली आहेत. आता बाल्कनीचा प्रवेश केंद्रस्थानी ठेवावा असे वाटते. चालेल ना?

जुना_शिक्षक

चालेल, पण ‘बाल्कनी’ हा शब्द संपूर्ण नाटकात कुठेही नाही, हे विसरू नका. रोमिओ खिडकीचा उल्लेख करतो. रंगमंचाच्या मागच्या भिंतीवर जो सज्जा असे, तिथे ज्युलिएट उभी राहत असावी.

माझे मत विचाराल, तर तिसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश घ्यावा. पहाट होते, दोघे वर आहेत, रोमिओ दोरीच्या शिडीने खाली उतरतो आणि वरून पाहणाऱ्या ज्युलिएटला तो थडग्याच्या तळाशी पडलेल्या प्रेतासारखा दिसतो. पुढे आई येते. १५९७ च्या प्रतीत येथे ज्युलिएट खिडकीतून खाली येते अशी सूचना आहे. म्हणजे क्षणापूर्वी जे जोते बाग होते, तेच आता तिच्या खोलीची जमीन झाले आणि जिथे तिला प्रेत दिसले, तिथेच ती स्वतः उतरली. १५९९ च्या प्रतीत ही सूचना नाही. दोन्ही प्रती शेजारी ठेवून हा प्रवेश वाचावा. त्याच बैठकीत १५९९ च्या प्रतीतला चौथ्या अंकाचा पाचवा प्रवेशही पाहून घ्या. तिथे पीटर या नोकराऐवजी ‘विल केम्प’ असे विनोदी नटाचेच नाव छापून गेले आहे. तळटीपेला उपयोगी पडेल.