बर्फाखालचे क्रॅपी फ्लॅशरवर कसे शोधायचे?

(बर्फावरच्या मासेमारीवरची ही चर्चा; सुरुवातीला लिहिणाऱ्याचं टोपणनाव. क्रॅपी आणि ब्लूगिल हे गोड्या पाण्यातले मासे. फ्लॅशर म्हणजे मासे, आमिष आणि तळ गोल डायलवर रंगीत रेघांनी दाखवणारा छोटा सोनार.)

तळ्याकाठी: मिनेसोटातला तलाव, सर्वांत खोल जागा 32 फूट, बर्फ 9 इंच. फ्लॅशरचा ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनी सोडणारा भाग) 20 अंशांच्या शंकूचा. डिसेंबरात पाणगवताच्या कडेला, 10 फूट खोलीवर ब्लूगिल लागत होते. आता तिथे शुकशुकाट. क्रॅपी कुठे असतील? आणि खोल पाण्यात डायलभर हिरव्या रेघा उमटतात, ते मासे समजायचे का?

उतारपाहणी: बर्फावर हिम साचलं की खाली उजेड पोचत नाही, गवत मरतं, कुजतं आणि प्राणवायू खातं. गवत अजून हिरवं असेल तिथे ब्लूगिल टिकतात. ऑगरला (बर्फात भोक पाडायच्या गिरमिटाला) काळपट, चिखलट गवत लागलं तर ती जागा सोडा.

क्रॅपी आता मधल्या खोलगटात असतील, बहुधा तळापासून 5 ते 10 फूट वर. उतार संपून सपाट चिखल सुरू होतो तिथून खोलीकडे भोकांची रांग पाडा. आधी सगळी भोकं, मग फ्लॅशर. दर भोकाला अर्धा मिनिट पुरे. 20 अंशांत 30 फूट खोलीवर जेमतेम साडेदहा फूट रुंदीचं वर्तुळ दिसतं. भोकं एकमेकांपासून 30 फुटांवर पाडलीत तर दोन वर्तुळांमध्ये थवा सहज राहून जातो.

लाल रेघ म्हणजे मोठा मासा नव्हे, जोरदार प्रतिध्वनी. बहुतेकदा मासा शंकूच्या मध्यावर आहे एवढंच. बारीक हिरवी रेघ एकाच खोलीवर टिकून असेल तर मासा कडेला असू शकतो. कोणत्या बाजूला ते फ्लॅशर सांगत नाही, म्हणून चारही बाजूंना 5-6 फुटांवर भोकं पाडून बघा.

गेन कमी करा: डायलभर हिरवं म्हणजे बहुधा गेन (फ्लॅशरची संवेदनशीलता) जास्त. आमिष खाली सोडा आणि त्याची रेघ जेमतेम दिसेल इतकाच गेन ठेवा. तरीही रेघा उड्या मारत असतील तर शेजारच्याचा सोनार नडतोय. फ्लॅशरवरचं इंटरफिअरन्सचं (व्यत्यय टाळायचं) बटण दाबून बघा. एकाच थरात धूसर हिरवं राहिलं तर ते प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) असू शकतं, आणि क्रॅपी तेच खातात, म्हणून ती जागा लगेच सोडू नका.

ट्रान्सड्यूसर बर्फाच्या खालच्या कडेच्या जरा खाली, अगदी समतल लोंबला पाहिजे. तिरका झाला की तळाची रेघ जाड होते आणि आमिष दिसेनासं होतं. उतारावर तळाची रेघ तशीही जाडच येते. तळालगतचे मासे तिच्यात लपतात.

दोन पौंडी दोरा: थवा सापडल्यावर आमिष माशांच्या 1-2 फूट वर थांबवा. क्रॅपी वर बघून खातो, खालचं आमिष त्याला दिसत नाही. 1/32 औंसाचा टंगस्टन जिग (वजन लावलेला गळ), 2-3 पौंडी दोरा. माशाची रेघ वर सरकायला लागली की जिगही हळूच वर न्या. आणि कळकळीची विनंती: 30 फुटांवरून ओढलेल्या क्रॅपीची हवेची पिशवी फुगते, सोडला तरी बहुतेकदा जगत नाही. खाण्यापुरते धरा आणि गळ गुंडाळा. क्रॅपींची राज्याची सर्वसाधारण मर्यादा 10 आहे, काही तलावांवर त्याहून कमी.

तळ्याकाठी: भोक न पाडता बर्फातून बघता येईल का?

उतारपाहणी: स्वच्छ काळ्या बर्फातून हो. हिम झाडा, पाणी ओता, ट्रान्सड्यूसर त्यात सपाट टेकवा. मध्ये हवेचे बुडबुडे असतील तर काही दिसणार नाही, म्हणून पांढऱ्या बर्फावर भोकच पाडावं लागेल.