परदेशात गेल्यावर पहिली गाडी कशी निवडलीत?

येत्या डिसेंबरात नाशिकहून मिशिगनला जातोय. बायको आणि पाच वर्षांची मुलगी सोबत. इथे बारा वर्षं गाडी चालवली, पण तिथली काहीच माहिती नाही, आणि तिथे गाडीवाचून किराणासुद्धा आणता येत नाही असं सगळे सांगतात. पहिल्याच महिन्यात एवढे डॉलर घालायचे तर ऐकीव गोष्टींवर भरवसा ठेवावासा वाटत नाही. कुठल्याही देशात असा, पण तुम्ही काय बघून गाडी घेतलीत आणि काय बघायचं राहिलं, ते लिहा.

ॲन आर्बर, मिशिगन
तुम्ही आमच्याच राज्यात येताय, म्हणून सविस्तर लिहिते. आम्ही २०१४ च्या जानेवारीत आलो. पहिली गाडी वरून लखलखीत होती. वसंतात टायर बदलायला लिफ्टवर चढवली, तेव्हा मेकॅनिकने खाली बोलावून दाखवलं: ब्रेकची नळी गंजाने पोखरलेली. मुलगा रोज त्याच गाडीत बसत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीला खालून खातं. आणि या राज्यात गाडीची ठरावीक सरकारी तपासणी नसते, त्यामुळे अशी गाडीही सहज विकली जाते. दुसऱ्या वेळी सौदा पक्का करण्याआधी, विकणाऱ्याशी काही संबंध नसलेल्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने दोन गाड्या नाकारल्या. तिसरी, जुनी कोरोला, त्याला पसंत पडली. ती मी आजही चालवते.

कारफॅक्सचा, म्हणजे गाडीच्या इतिहासाचा, अहवाल जरूर घ्या. त्यात नोंदलेले अपघात, आधीचे मालक, मैल कळतात, पण गंज कळत नाही. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, ‘सॅल्व्हेज’ (मोठ्या नुकसानीनंतर मोडीत काढलेली) असेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. नवीन आलेल्याला क्रेडिट हिस्टरी, म्हणजे इथली कर्जफेडीची नोंद, नसते, म्हणून कर्जाचं व्याज चढं लागतं; आम्ही रोखीत बसेल तेवढीच घेतली. गाडी ठरवण्याआधी विम्याचा भाव काढा, मिशिगनचा विमा देशातल्या महागड्यांपैकी आहे. मुलीला कारसीट कायद्याने लागेलच, तर गाडी बघायला जाताना ती मागे बसवून बघा.

लंडन
मी जुनी डिझेल घेणार होतो, पैसे मोजायचेच बाकी होते. मित्राने नंबर टाकून बघायला लावला, तर ती यूलेझच्या, म्हणजे शहरातल्या कमी धुराच्या क्षेत्राच्या, निकषात बसत नव्हती. म्हणजे ज्या दिवशी चालवू त्या दिवशी साडेबारा पाउंड. ऑगस्ट २०२३ पासून हे लंडनच्या सगळ्या बरोंना (पालिका-विभागांना) लागू आहे. धुराच्या युरोपीय मानकांपैकी पेट्रोलची युरो ४ चालते, डिझेलला युरो ६ लागतं. नंबर प्लेटवरून गाडीच्या जुन्या एमओटी तपासण्या (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याच्या) सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. त्या वाचूनच मग पेट्रोलची घेतली.

म्युनिक
इथे गाडीआधी लायसन्स. भारतीय लायसन्स सहा महिने चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. पुण्यात पंधरा वर्षं चालवूनही मी पहिल्यांदा नापास झालो: जिथे पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तिथे थांबलो नाही. वापरलेली गाडी घेताना ट्यूफची, म्हणजे सक्तीच्या सुरक्षा तपासणीची, मुदत किती उरलीय ते बघा, ती तपासणी दर दोन वर्षांनी असते. हिवाळी टायर सोबत मिळतात का, तेही विचारा.

नागोया, जपान
आमची पिवळ्या नंबरपाटीची के-कार, म्हणजे इथल्या सर्वांत लहान वर्गातली गाडी, ६६० सीसी. आमची गल्ली अरुंद, पार्किंगची जागा त्याहून अरुंद. मोठी गाडी परवडत होती, पण सांगलीहून आई येते तेव्हा तिचे गुडघे दुखतात. या गाडीचं छत उंच आणि मागचं दार सरकतं, ती कुणाचा हात न धरता बसते. एवढ्यावरच निवड झाली.

नाशिक
ॲन आर्बरच्या ताई, तुमचा तो मेकॅनिक शनिवारी असतो का?

ॲन आर्बर, मिशिगन
असतो, दुपारपर्यंत. आधी फोन करून लिफ्ट मोकळी आहे का विचारून घेऊ. पहिले काही शनिवार सामान आणायला माझ्याबरोबरच चला सगळे, म्हणजे गाडीची घाई होणार नाही.