पंकने प्रॉगला संपवलं म्हणे!

जुना_डेक: 'पंक आलं आणि प्रॉगवाल्यांची दुकानं बंद झाली, आजच्या पोरांनी पंकच ऐकावं', ही परवाची पोस्ट वाचून डोकं फिरलं. लांबलचक, गुंतागुंतीच्या प्रॉग्रेसिव्ह रॉकची, म्हणजे प्रॉगची, दुकानं तीन कॉर्डच्या धडाधड पंक रॉकने बंद केली? १९७७च्या ऑगस्टमध्ये, पंक ऐन भरात असताना, येस या प्रॉग बँडचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर होता. आणि पिंक फ्लॉइड या बड्या प्रॉग बँडविरुद्ध 'आय हेट पिंक फ्लॉइड'चा टीशर्ट घालून मिरवणाऱ्या, सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या जॉनी रॉटनने त्याच वर्षी कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीची गाणी लावली, त्यात पीटर हॅमिल होता. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या प्रॉग बँडचा! आता बोला.

तीन_कॉर्ड: पोस्ट माझीच. खप सांगू नका, काका. योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप वाचून येसने १९७३ मध्ये तबकड्यांच्या चार बाजू भरल्या, चार गाणी, ऐंशी मिनिटं. पंकवाल्या रामोन्सने १९७६ मध्ये अर्ध्या तासात चौदा उरकली. येसच्या कीबोर्डवाल्या वेकमनने तर लंडनच्या वेम्बलीत किंग आर्थरवरचा शो स्केटिंगवाल्यांना घेऊन बर्फावर नाचवला. ते बघून कुणीही पंकवाल्यांसारखी सेफ्टी पिन टोचून घेईल.

जुना_डेक: काका कुणाला? मी सव्वीसचा आहे. आणि तुमच्या पंकवाल्या क्लॅशने १९८०मध्ये तीन तबकड्यांचा अल्बम काढला, छत्तीस गाणी. तेव्हा कुठे गेला अर्धा तास?

कोरडी_भेळ: क्लॅशचा तो गायक स्ट्रमर ब्रिटिश परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा, बोर्डिंगात शिकलेला. म्हणे रस्त्यावरचा आवाज!

तीन_कॉर्ड: आणि तुमचा प्रॉग बँड जेनेसिस म्हणजे चार्टरहाऊस या बड्या बोर्डिंग शाळेची पोरं, ते चालतं?
सव्वीस, मग ऐकच. प्रॉग माझ्या थोरल्या भावाचं. डेक त्याचा, कॅसेटी त्याच्या, हात लावायचा नाही. तेवीस मिनिटांचं गाणं संपेपर्यंत घरात कॉमेंट्री लावायची सोय नाही. पंक मला मित्राने कॅसेटवर भरून दिलं. ते लावलं की भाऊ खोलीबाहेर जायचा. मला तेवढं पुरलं.

जुना_डेक: म्हणजे काका तुम्हीच! भावाचा राग फ्लॉइडवर का काढताय?

मागची_रांग: आमच्या इंजिनिअरिंग हॉस्टेलवर फ्लॉइड म्हणजे रॅगिंगच. रात्री दोनला उठवून 'फ्लॉइडच्या गिल्मोरची गिटार ऐक' म्हणायचे. खरं रॉक मुंबईच्या रंगभवनला, उघड्यावरच्या थिएटरात. १९८६ला तिथे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव सुरू झाला. धोबी तलावच्या फुटपाथवर उभं राहूनही फुकट ऐकू यायचं. मग शांतता क्षेत्र आलं आणि सगळं बसलं.

कोरडी_भेळ: शेजारी हॉस्पिटल आहे हो. पेशंटांनी काय हेडबँगिंग करायचं?

मागची_रांग: गणपतीत कुठे जातात हे पेशंट?

कॅम्पातला: मुंबईकरांचं रंगभवन झालं सुरू. कॅसेट भरून घ्यायला पुण्यात कॅम्पातच यायचात ना?

मागची_रांग: एक ते चार सोडून!

कॅम्पातला: हा विनोद तुमच्या रंगभवनाहून जुना आहे.

तीन_कॉर्ड: धागा पंकचा आहे, विसरलात का? डेकभाऊ, हॅमिल आत्ता ऐकला. चांगला आहे. झालं समाधान? वेकमनचं स्केटिंग मात्र मेलो तरी मान्य करणार नाही.

जुना_डेक: तेवढं सोडलं. पण डॅम्ड्सारख्या पंकवाल्यांचा दुसरा अल्बम फ्लॉइडचा ड्रमर निक मेसननेच प्रोड्यूस केला होता, हे तुमच्या भावाला कळवा.

मागची_रांग: शांतता क्षेत्राचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.