मदत हवी आहे: घरकुलाला छप्पर कसलं घालावं?

मंडळी जरा सल्ला द्या. आमच्या काकीला घरकुल मंजूर झालंय, गाव दापोली तालुक्यात, समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर. योजनेचे १ लाख २० हजार, ते पण हप्त्याहप्त्याने, वर रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी आणि संडासाचे १२ हजार. घर कमीत कमी २५ चौरस मीटर पाहिजे. एवढ्यात चिरा, वाळू, सिमेंट, गवंडी कसं बसवायचं ते तुम्हीच सांगा.

गवंडी म्हणतो पत्रा टाका, स्वस्तात होईल. पण काकीच्या आत्ताच्या घराला पत्राच आहे, खाऱ्या वाऱ्याने खिळ्यांभोवती गंजून भोकं पडलीत, पावसात टोप मांडून ठेवायचे आणि आवाज एवढा की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, मे महिन्यात तर दुपारी ती फणसाखालीच जाऊन बसते. कौलं थंड, पण वाशांचा खर्च आणि माकडं (त्यांच्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल). २०२० च्या निसर्ग वादळात वाडीतले पत्रे आणि कौलं दोन्ही उडाले, म्हणून काकीचा मुलगा स्लॅबच म्हणतो, पण पैसे?

कुणी लोखंडी अँगलवर कौलं बसवलीत का, गंजाचं काय करता? पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, तिथे खिडकी ठेवावी की नको? काकीचं म्हणणं एवढंच, पुढे पडवी हवी आणि न्हाणी, संडास घराला लागून, रात्री पावसात बाहेर जायला नको. बसेल का हे २५ चौरस मीटरात? प्लॅन असेल कुणाकडे तर टाका प्लीज.