डेंग्यूच्या लसीच्या ट्रायलमध्ये कोणी भाग घेतलाय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही धनकवडीत राहतो. माझ्या धाकट्या भावाला डेंग्यूच्या लसीच्या ट्रायलसाठी विचारलंय आणि त्याला जायचंच आहे, कारण २०२२ च्या पावसाळ्यात बाबांना डेंग्यू झाला तेव्हा प्लेटलेटसाठी रात्रभर ब्लड बँका पालथ्या घालणारा तोच होता.

अडचण अशी की त्याच आठवड्यात त्यालाही ताप होता, पण बाबांच्या गडबडीत त्याची टेस्ट राहूनच गेली. डेंग्यूचे चार प्रकार असतात, एक होऊन गेला आणि मग दुसऱ्या प्रकारचा झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. २०१७ मध्ये फिलिपिन्समध्ये डेंगवॅक्सिया लस थांबवली तीही यावरूनच, आधी डेंग्यू न झालेल्यांना लसीनंतर संसर्ग झाला तर धोका वाढत होता. ही लस वेगळी आहे हे कळतंय, तरी जीव घाबरतोच ना.

तर आधी आयजीजी टेस्ट (पूर्वी डेंग्यू होऊन गेलाय का ते सांगणारी रक्ततपासणी) करून घ्यावी का, की ट्रायलवाले स्वतःच रक्त तपासतात? आणि सीटीआरआयच्या (भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) साइटवर नोंदणी नंबर टाकून नेमकं काय काय बघायचं?

संमतीपत्र मराठीत आहे, कधीही बाहेर पडता येईल असं त्यात लिहिलंय. आई चष्मा लावून वाचत बसली आणि 'प्लासिबो' (तुलनेसाठी काही जणांना देतात ते लस नसलेलं इंजेक्शन) शब्दावर अडकली, म्हणजे माझ्या पोराला नुसतं पाणी टोचणार का म्हणाली. तिला कसं समजावू? सोमवारी सही करायचीये, अनुभव असेल त्यांनी प्लीज लिहा.